सैल बंधनापासून जपावे : जालना जिल्ह्यातील वही, पोथी आणि बासन

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात सर्वांच्या तोंडी आहे. कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या या नगराने ती आपल्या व्यापाराच्या बळावर मिळविली. निजामाच्या राज्यातील ही मोठी बाजारपेठ. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-हैदराबाद लोहमार्ग येथून गेला आणि धान्य व कापूस यांची उलाढाल अधिकच वाढली. पुढे बी-बियाणे आणि पोलाद या उद्योगांनी शहराचे नाव देशभर पोहोचविले. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. या सर्व स्थित्यंतरांत राजस्थान व गुजरातेतून येऊन येथे स्थिरावलेल्या जैन कुटुंबांचा वाटा मोठा आहे. श्री गुरु गणेश तपोधामामुळे हे नगर आज देशभरातील श्रावक-श्राविकांचे श्रद्धास्थानही बनले आहे.

येथील जुन्या पेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणले, तर गादी, तक्क्या आणि उतरत्या झाकणाची पेटी यांच्याबरोबर एक वस्तू हटकून दिसते. ती म्हणजे तांबड्या कापडाची लांबोडकी वही. आपल्याकडील देशी ग्रंथबांधणीचा हा सर्वांत परिचित नमुना; परंतु रोजच्या वापरातील वस्तूकडे कला म्हणून कोण पाहतो?

या वहीची रचना मोठी विचारपूर्वक केलेली असते. जाड कागदाचे ताव एकात एक घालून मधोमध सुती दोऱ्याने शिवतात. पुठ्ठ्याऐवजी कापडाचे थर एकावर एक ठेवून, वर तांबडे कापड चढवून, पांढऱ्या दोऱ्याचे टाके गोधडीसारखे घालतात. त्यामुळे वेष्टन लवचीक राहते. वही दुमडली, गुंडाळली, घोड्यावरच्या पडशीत कोंबली तरी तिची पाठ मोडत नाही. आत रेघा आखलेल्या नसतात. पान घड्या घालून दाबले की घड्यांच्या खुणा उमटतात, आणि त्याच रकान्यांचे काम करतात. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. शेवटी एक लांब नाडी वहीभोवती फिरवून बांधली की दिवसाचे काम संपले.

आता हिशेब संगणकावर गेला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि उरलीसुरली पेढीही त्या मार्गाला लागली. ५ जुलै २०१९ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी अर्थसंकल्पाची कागदपत्रे चामडी बॅगेऐवजी तांबड्या वेष्टनातून संसदेत नेली, तेव्हा देशाला ‘बहीखाता’ पुन्हा आठवला. मात्र आठवण होणे वेगळे आणि वापर होणे वेगळे. आज बहुतेक घरांत वही येते ती दिवाळीच्या मुहूर्तापुरती. पहिल्या पानावर ‘श्री’चा उतरता मनोरा रेखला जातो, श्री गौतमस्वामींची लब्धी, अभयकुमारांची बुद्धी, शालिभद्रांची ऋद्धी लाभो, अशी मंगलवाक्ये लिहिली जातात, आणि वही कपाटात जाते. पूजा टिकली, पण ती वही शिवणारा हात मात्र हळूहळू बाजारातून दिसेनासा होत आहे.

दिवाळीच्या या वहीपूजनानंतर अवघ्या पाच दिवसांनी, कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमी येते. त्या दिवशी हिशेबाच्या वहीऐवजी शास्त्राची पोथी चौरंगावर विराजमान होते. एकाच घरातील या दोन ग्रंथांची बांधणी मात्र एकमेकींहून अगदी निराळी आहे. वही शिवलेली असते. पोथीची पाने सुटी असतात. आडव्या पानांची चवड, खाली-वर दोन लाकडी फळ्या, भोवती सुती वेष्टन आणि त्यावर दोरी एवढीच तिची बांधणी. तिला शिवण नाही, चामडे नाही, प्राण्यांच्या अवशेषांपासून केलेला सरसही नाही. पाश्चात्त्य व इस्लामी परंपरेतील उत्तमोत्तम ग्रंथ चामड्यात बांधले गेले. पोथीने मात्र लाकूड, कापूस आणि गाठ यांवर शतकानुशतके निभावून नेले. अहिंसेला धरून असलेली याहून साधी ग्रंथबांधणी शोधूनही सापडणे कठीण.

या आकाराचा उगम ताडपत्रात आहे. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर सुमारे ९८० वर्षांनी वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध झाले. दिगंबर परंपरेत गिरनारच्या चंद्रगुफेत धरसेनाचार्यांकडून ज्ञान मिळवून पुष्पदंत व भूतबली या आचार्यांनी षट्खंडागम ग्रंथबद्ध केला; तो पूर्ण झाल्याचा दिवस म्हणजे ज्येष्ठ शुद्ध पंचमी, श्रुतपंचमी. ताडपत्र लांब आणि अरुंद. त्याला छिद्र पाडून दोरी ओवत. पुढे बाराव्या-तेराव्या शतकापासून पश्चिम भारतात कागद रुळला. कागदाला ओवण्याची गरज नव्हती, तरीही जैन लेखकांनी पानाच्या मध्यभागी दोरीची जागा कोरी सोडली आणि तेथे तांबडा वा सोनेरी ठिपका काढला. छिद्र गेले, छिद्राची आठवण पानावर राहिली. फळ्यांचेही तसेच. जेसलमेरच्या ज्ञानभांडारातील बाराव्या शतकातील चित्रित पाटल्या म्हणजे मुळात पोथी दाबून धरणारी साधी लाकडे. चित्रकाराने त्यांना दर्शनीय केले. बांधणी ही ग्रंथाची केवळ टरफले नव्हेत, तीही वाचायची असतात.

जालन्याहून दक्षिणेकडे अंबडच्या वाटेने निघाले की काळी जमीन सुरू होते आणि प्रदेश गोदावरीकडे उतरू लागतो. घनसावंगी तालुक्यातील जांब हे याच पट्ट्यातले गाव. चैत्र शुद्ध नवमी, शके १५३०, म्हणजे १६०८ मध्ये येथे नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचा जन्म झाला. जग त्यांना समर्थ रामदास म्हणून ओळखते. या गावाचा ग्रंथबांधणीशी संबंध काय, असा प्रश्न पडेल. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे उत्तर मिळते.

अध्यात्मग्रंथात समर्थ तेथे बरू कसा निवडावा, कागद कसा खळावा आणि घोटावा, सुऱ्या-कातऱ्या, हिंगूळ, शाई यांचा संग्रह कसा असावा, हे सांगतात. अक्षर वाटोळे व मोकळे हवे. पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसले पाहिजे. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, ही त्यांची सूचना तर आजच्या कोणत्याही ग्रंथसंवर्धकाला मान्य व्हावी. फळ्या घोटून त्यांवर चित्रे काढावीत, असेही ते सांगतात. आणि समासाच्या अखेरीस पुस्तक जपण्याची सामग्री मोजतात : गोप म्हणजे विणलेल्या दोऱ्या, बासने म्हणजे गुंडाळण्याची वस्त्रे, मेणकापडे, शेंदरी रंग, पेट्या आणि कुलुपे. जैन भांडारातील पोथीच्या सामग्रीशी ही यादी ताडून पाहावी. दोन परंपरांचा देव्हारा वेगळा, पण ग्रंथ जपण्याची रीत एकच असल्याचे दिसेल. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत परांडा तालुक्यातील डोमगावच्या मठात जपली गेली. स्थानकवासी परंपरेत तर ग्रंथलेखनाचे मोल अधिकच जवळचे आहे. पंधराव्या शतकातील लोंकाशाह आगमांच्या प्रती लिहिता लिहिताच त्यांच्या अर्थाकडे वळले, असे परंपरा सांगते.

ऑगस्ट २०२२ मध्ये जांब समर्थच्या राममंदिरातील प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात हळहळ व्यक्त झाली. तपास झाला आणि मूर्ती परत मिळाल्या. ते योग्यच झाले. पण एखाद्या घरातील पोथी नाहीशी होते तेव्हा गावाला कळतही नाही, कारण ती चोर नेत नाही. घरातलीच माणसे श्रद्धेने नदीत सोडतात. ‘आता वाचणारे कोणी नाही, पायदळी येऊन आशातना नको’ या भावनेने कित्येक बासने गोदावरीच्या पाण्याला मिळाली आहेत. हेतू शुद्ध, परंतु ज्ञानाची याहून मोठी आशातना कोणती?

जी पोथी पाण्यापासून वाचते, ती पुष्कळदा दुरुस्तीत दगावते. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावतात. तिचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरासह कागद ओढून काढतो. कोणी पाने प्लास्टिकमध्ये कायमची बंद करतात. कोणी ती छापखान्यात नेऊन शिवून आणतात; यंत्रावर कडा एकसारख्या कापल्या जातात आणि समासातील पानांक, टिपा, वाचकांच्या खुणा कातरणात जातात. सर्वांत आधी टाकून दिले जाते ते जुने वेष्टन. एखाद्या लुगड्याच्या किंवा उपरण्याच्या तुकड्याचे ते बासन, त्यावरची गाठ, फळीवर कोणा श्रावकाने लिहिलेले नाव व गाव, हे सर्व त्या ग्रंथाचा प्रवास सांगणारे पुरावे असतात.

ग्रंथाच्या देहाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे कागद. त्याची कुळकथा पाहायची तर जालन्याहून छत्रपती संभाजीनगरमार्गे दौलताबाद-वेरूळ रस्त्याला लागावे. तेथे कागजीपुरा हे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस आणली, तेव्हा कागद करणारे कारागीर येथे आले, असे परंपरा सांगते. चिंध्यांचा लगदा, पाण्याचे टाके, गवती काड्यांची चाळणी, वाळवण, खळ आणि घोटाई या क्रमाने बनलेला चिवट कागद मराठवाड्याच्या लिखाणाला पिढ्यान्‌पिढ्या पुरला. हातकागदाची ती ओळख गावाने अद्याप सोडलेली नाही. समर्थांनी सांगितलेली खळणी-घोटणी ही केवळ उपमा नव्हती, त्या काळच्या कारखान्याची रीत होती, हे येथे उमगते.

कागद बळकट होता, फळी घट्ट होती, तरीही ग्रंथ टिकले ते केवळ वस्तूंच्या गुणामुळे नव्हे. ते टिकले पंचांगामुळे. श्रुतपंचमी ज्येष्ठात येते, मृगाच्या तोंडावर. ज्ञानपंचमी कार्तिकात येते, पावसाळा सरल्यावर. एका पंचमीला पोथी उघडून, पुसून, कोरड्या हवेत घट्ट बांधायची. दुसरीला ओल लागली का, कसर लागली का, ते पाहून पुन्हा बांधायची. जीव मारावे लागू नयेत म्हणून त्यांची उत्पत्तीच होऊ द्यायची नाही, ही यतना या दोन तिथींत सामावलेली आहे. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखक अनेकदा पुस्तकाच्याच मुखी एक विनवणी घालत : मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बंधनापासून जपा आणि अजाण हाती देऊ नका. तेल-पाण्याच्या पंक्तीला सैल गाठ बसविली गेली, याचे मर्म हेच. गाठ सैल झाली की धूळ शिरते, पान वाकते, किडीला वाट मिळते.

ही कला जपण्यासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही. घरातील पोथी कोरड्या दिवशी, सावलीत, स्वच्छ कोरड्या हातांनी उघडावी. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी; थेट उन्हात ठेवू नये. पाने मोजून क्रम तपासावा. पानांक बहुधा मागच्या बाजूस समासात असतो. बांधणी सोडण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे. नवे बासन करायचे तर खळ काढून धुतलेले जाडसर सुती कापड वापरावे, कारण खळ ही किडीचे खाद्य आहे. जुने बासन टाकू नये, चिठ्ठी लावून सोबत ठेवावे. फळ्या पानाहून किंचित मोठ्या असाव्यात. दोरी घट्ट असावी, पण कागदाच्या कडा चेपतील इतकी नव्हे. कडुनिंबाची वाळलेली पाने पुरचुंडीत बांधून पेटीत ठेवावीत, पानांना लागू देऊ नयेत. फाटलेल्या पानाला स्वतः काहीही चिकटवू नये. पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ज्ञानभारतम् मिशन जाहीर झाले. अशा संस्थांपर्यंत घरातील ग्रंथाची निदान नोंद पोहोचावी.

एक उदाहरण पुरेसे आहे. षट्खंडागमाच्या धवला टीकेची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके बासनात बांधलेली होती. तेथून प्रती निघाल्या आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड अमरावतीहून छापला गेला. इतक्या काळात ज्यांनी ती पाने वाचली ते थोडे होते. ज्यांनी ती केवळ झाडून, पुसून पुन्हा बांधून ठेवली ते असंख्य होते आणि त्यांची नावे कोठेही नाहीत. येत्या कार्तिक शुद्ध पंचमीला जालन्यातील ज्या घरांत माळ्यावरची पेटी उतरेल आणि लहान मुलांच्या हातून पोथीची गाठ सुटून पुन्हा नीट बांधली जाईल, त्या घरांना त्याच निनावी परंपरेत स्थान मिळेल.