मांडवी ते वाशी : एका बाजारपेठेचे स्थलांतर

मुंबईच्या मशीद बंदर स्थानकावर पश्चिमेस उतरून मांडवीच्या गल्ल्यांत शिरले की हिंग, मिरी आणि सुंठ यांचा एकत्रित वास आजही येतो. हातगाडीवाल्याची हाक ऐकताच पादचारी भिंतीशी सरकतो. खाली पेढी, मागे वखार आणि वर बिऱ्हाड अशी जुन्या बाजाराची मांडणी होती. गुमास्त्याने हाक मारली की शेठजी ताटावरूनही उठून खाली येत. व्यवसाय आणि संसार यांच्यामध्ये एका जिन्याचेच अंतर असे.

या मांडणीची दुसरी बाजू 1896 च्या सप्टेंबरात उघड झाली. मांडवीतच डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. उंदीर व पिसवा यांचा संबंध तेव्हा पुरता उमगला नव्हता. दोष कोंदट हवेला आणि अंधाऱ्या खोल्यांना दिला गेला. 1898 मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. समुद्राचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढण्यात आला; तोच आजचा शामळदास गांधी मार्ग. आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, म्हणजे तेव्हाचा सँडहर्स्ट रोड, हीदेखील ट्रस्टचीच कामगिरी. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरला. सोप्या हिशेबात, समोर दहा फूट मोकळी जागा असेल तर इमारत वीस फुटांहून उंच नसावी. दादर-माटुंग्याच्या वसाहतींतील रुंद, सावलीचे रस्ते त्याच काळातील आखणीची आठवण देतात.

परंतु या जमेसमोर नावेही मांडली पाहिजेत. जुनी घरे पाडली गेली त्या वेगाने नवी उभी राहिली नाहीत, आणि जी राहिली त्यांचे भाडे अनेकांना झेपले नाही. रोजगार बंदरात असलेला हमाल दूर जाऊन कसा राहणार? तो शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागला. एका गल्लीतील गर्दी हटली, ती दुसऱ्या गल्लीच्या खाती चढली.

पुढे शहर इतके वाढले की मालमोटारींना दाणाबंदर आणि मशीद बंदर अपुरे पडू लागले. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर आकारास येऊ लागले. 1981 मध्ये कांदा-बटाटा बाजार वाशीस गेला. त्यामागून मसाले, धान्य, भाजीपाला आणि फळे यांचे बाजारही क्रमाने गेले. मात्र वाशीपर्यंतची लोकल 1992 मध्ये सुरू झाली. तोवर खाडीपुलावरील रस्ता हाच आधार होता.

वाशीचे आवार प्रशस्त आहे. मालमोटारी थेट गाळ्यापर्यंत येतात, माल धक्क्यावर उतरतो, तोलाई वेगाने होते. माथाडी कामगारांसाठी कोपरखैरणे, घणसोली येथे वसाहती उभ्या राहिल्या, हे विशेष नोंदवावे असे. कारण या खेपेस निदान कष्टकऱ्याच्या छपराचा विचार बाजाराबरोबर झाला. ट्रस्टच्या काळी जे पुरेसे साधले नाही, त्याचा काही अंश येथे साधला.

व्यापारी कुटुंबांनी मात्र वेगळी किंमत मोजली. पेढी वाशीला आणि घर दक्षिण मुंबईत, अशी अनेकांची स्थिती झाली. दुपारचे गरम जेवण डब्यात आले. शाळेतून परतलेला मुलगा पूर्वी गादीवर बसून वजन, भाव आणि माणसाची पारख सहज शिकत असे. ते शिक्षण मुद्दाम वेळ काढून द्यावे लागू लागले. काही कुटुंबांनी वाशीतच घर केले आणि जिन्याऐवजी दहा मिनिटांच्या वाटेवर समाधान मानले.

मांडवीतील प्रकाशहीन खोल्यांकडे परतावे असे कोणी म्हणणार नाही. तथापि, उद्या पुन्हा एखादी बाजारपेठ हलवण्याची वेळ आली, तर गाळ्यांचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी दोन साधे प्रश्न विचारले जावेत : हमाल रात्री कोठे झोपेल, आणि गुमास्ता दिवेलागणीला घरी कसा पोहोचेल?