शनिवारवाड्याभोवती रात्रीची प्रदक्षिणा

पुण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांपैकी बहुतेकांनी शनिवारवाड्यातील ती हाक आजीच्या किंवा आत्याच्या तोंडून ऐकलेली असते. पौर्णिमेच्या रात्री, आणि कोणाच्या मते अमावास्येस, कोटाच्या आतून 'काका, मला वाचवा' असा टाहो उठतो, ही समजूत फार जुनी आहे. विलायतेत यॉर्क, एडिंबरो अशा पुरातन शहरांतून वर्गणी घेऊन मंडळीस रात्री भुताखेतांच्या जागा दाखवीत हिंडविण्याचा उद्योग बरेच दिवस चालला आहे. ती हौस आता आपल्याकडेही आली आहे. तेव्हा ही फेरी एकदा करून पाहावी, असे ठरवून घरातील लहानथोर मिळून आम्ही सातजण निघालो.

कसबा गणपतीस नमस्कार करून आम्ही वाड्याच्या आग्नेयेकडील गणेश दरवाजापाशी आलो. वाड्यातील स्त्रिया कसबा गणपतीच्या दर्शनास याच दरवाजाने जात असत. वाडा सायंकाळी बंद होतो. म्हणून फेरी बाहेरूनच, कोटाच्या कडेकडेने व्हावयाची. वाटाड्या तरुण आणि बोलण्यात चतुर होता. बोलता बोलता तो आवाज हळूहळू उतरवी, आणि नेमक्या वेळी हातातील दिवा मालवी. मुले एकमेकांस बिलगत व लगेच हसत.

त्याने सांगितलेली हकीकत बव्हंशी खरी होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, वाड्यात गणपतीचा उत्सव चालू असता, थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी आत घुसले. सुमेरसिंग त्यांचा म्होरक्या. नारायणराव पेशव्यांचे वय अवघे अठरा. वस्त्रे मिळून वर्षही लोटले नव्हते. ते धावत जाऊन चुलते राघोबादादा यांच्या गळ्यास मिठी मारते झाले, आणि तेथेच त्यांचा अंत झाला. 'ध'चा 'मा' केल्याची गोष्टही वाटाड्याने रंगवून सांगितली; ती आख्यायिका आहे, एवढेच मोठ्यांनी मुलांस जाता जाता बजावले.

दक्षिणेकडील नारायण दरवाजापाशी मात्र सर्वांची थट्टा थांबली. पेशव्यांचे छिन्नविच्छिन्न शव याच वाटेने बाहेर नेले, म्हणून दरवाजास हे नाव पडले, असे परंपरा सांगते. मोठ्या दिल्ली दरवाजाचा थाट येथे नाही; दरवाजा लहान, वाट अरुंद. जेथे खून झाला ते दालनही आज नाही. १८२८ साली लागलेल्या आगीत आतील महाल जळाले. उरले ते कोट, दरवाजे आणि दगडी जोती. त्या हाकेला राहावयास घरसुद्धा उरलेले नाही! शिवाय तो प्रसंग भरदुपारचा होता, रात्रीचा नव्हे. काळोख त्याला आपण मागाहून दिलेला आहे.

येथे वाटाड्या सहज बोलून गेला, की चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला व त्याच्याबरोबरच कापला गेला. एवढे सांगून तो पुढे चालू लागला. तोच आमच्यातील धाकटीने आजीचा पदर ओढून विचारले, "आजी, मग चापाजीचे भूत का नाही झाले?"

आजी म्हणाल्या, "ज्याची वासना मागे राहते, त्याचे भूत होते, बाळ. त्याने आपले काम पुरे केले. तो कशाला मागे राहील?"

उत्तर मुलीस पटले. आम्हांसही क्षणभर समाधान वाटले. परंतु पुढे चालता चालता मनात येऊ लागले, की हे समाधान फारच सोयीचे आहे. त्या दिवशी इच्छारामपंत ढेरेही पडले, वाड्यातील सेवक मेले, दासीही मेल्या. लोकांच्या कल्पनेने भूत दिले ते एकट्या धन्याला. दासींनी मरताना कोणास हाक मारली असेल, हे ऐकण्यास कोणी कोटाशी कान लावून बसत नाही. घरोघरी आपण जी गोष्ट मुलांस सांगतो, तिच्यातही पेशवे, काका आणि काकू एवढीच माणसे असतात.

रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्टही अशीच मागे पडते. त्यांनी चौकशी करून राघोबादादांस दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि पद टाकून पुणे सोडले. सत्ताधीशाच्या तोंडावर असा निकाल देण्यास जे धैर्य लागते, त्यापुढे रात्रीच्या टाहोने येणारा काटा काहीच नव्हे. परंतु शास्त्रीबोवांचे नाव फेरीत आले नाही. त्यांत भय वाटण्याजोगे काही नाही, म्हणून की काय!

असो. कोटाला वळसा घालून आम्ही उत्तरेस दिल्ली दरवाजासमोर आलो. हत्तींची धडक अडविण्यासाठी ठोकलेले त्याच्या फळ्यांवरील अणकुचीदार खिळे मुलांनी दिव्याच्या उजेडात निरखून पाहिले. वाटाड्याचा निरोप घेताना आजींनी त्याच्या हातावर वर्गणीखेरीज एक नोट ठेवली व म्हटले, "पुढच्या खेपेस चापाजीपाशी थोडा अधिक थांब हो." त्याने मान डोलविली.

ज्या कुटुंबांस ही फेरी करावयाची असेल त्यांनी ती अवश्य करावी. मुलांस भय वाटते तितकीच मौजही वाटते. मात्र निघण्यापूर्वी त्यांस नारायणरावांबरोबर चापाजीचे आणि रामशास्त्र्यांचेही नाव सांगून ठेवावे, म्हणजे नारायण दरवाजापाशी काय विचारावयाचे ते त्यांस आपोआप सुचेल.