आठव्या ओळीतून पहिल्या ओळीत

वजीर देऊन डाव जिंकणाऱ्याला लोक धाडसी म्हणतात. मला ते पटत नाही. धाडस लागतं ते मात दिसत नसताना वजीर देणाऱ्याला. बुद्धिबळपटू मिखाईल ताल तसा होता, आणि त्याच्यासारखं खेळायला गेलेल्या पोरांचे हाल मी दर शनिवारी बघतो. मात दिसत असली तर लागतो तो निव्वळ हिशेब. त्या हिशेबातही सगळ्यात अवघड भाग म्हणजे आधी काय खेळायचं आणि मागून काय.

हे शिकवायला मी एकच डाव वापरतो. २९ ऑक्टोबर १९१२ रोजी लंडनच्या सिटी ऑफ लंडन चेस क्लबमध्ये एडवर्ड लास्कर आणि जॉर्ज थॉमस यांच्यात झालेला. स्पर्धेचा नव्हे, सहज बसून खेळलेला. हा लास्कर म्हणजे जगज्जेता इमॅन्युएल लास्कर नव्हे. हा जर्मनीत वाढलेला इंजिनिअर, पुढे अमेरिकेत स्थायिक झाला. डाव अठरा खेळ्यांत संपला. अकराव्या खेळीला पांढऱ्यानं वजीर दिला, आणि तिथून काळ्या राजाला पटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत चालवत नेऊन पांढऱ्याच्याच घरात मारला.

मी भोरचा. शनिवारी कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी असं करत वेल्ह्याला बुद्धिबळाचा वर्ग घ्यायला जातो. वेल्ह्याला आता सरकारी कागदावर राजगड तालुका म्हणतात, पण एसटीच्या रांगेत अजून वेल्हंच चालतं. भाताची लावणी सुरू झाली की वर्ग अर्धा रिकामा होतो, आणि पाऊस फारच कोसळायला लागला की पुन्हा भरतो. २०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून मुलींची संख्या वाढली आहे. आयाच आणून सोडतात.

तर डाव. दहा खेळ्या झाल्यावरचं चित्र असं: काळ्यानं किल्लेकोट केलाय, राजा जी८ वर, पुढे जी७ आणि एच७ ही दोन प्यादी. एफचं प्यादं आधीच गेलंय. एफ८ वर त्याचाच हत्ती, एफ६ वर त्याचा उंट. पांढऱ्याचा वजीर एच५ वर, एक घोडा ई५ ला, दुसरा ई४ ला, आणि त्याच्या मागे डी३ वर उंट एच७ कडे डोळा लावून बसलेला. मधे आडवा उभा आहे तो फक्त त्यांचाच ई४ चा घोडा.

कोणत्याही पोराला इथे पहिली सुचते ती खेळी: घोड्यानं एफ६ चा उंट शह देऊन मारायचा. काळ्याच्या प्याद्यानं तो घोडा मारला की वजीर एच७ वर, मात. थॉमसला हे दिसलं होतं. म्हणून तर त्यानं आधीच आपला वजीर ई७ वर आणून ठेवला. आता जी७ चं प्यादं एफ६ ला गेलं की सातवी ओळ मोकळी होते, आणि ई७ चा वजीर सरळ एच७ राखतो. बचाव चोख आहे. वर्गातल्या पोरांना हा बचाव नीट कळेपर्यंत मी पुढे जात नाही, कारण तो कळल्याशिवाय लास्करनं काय केलं ते कळतच नाही.

लास्करनं त्याच दोन खेळ्या उलट्या क्रमानं केल्या. आधी वजीर, मग घोडा. वजीर एच७ वर, शह. जी७ चं प्यादं अजून जागेवरच आहे, त्यामुळे ई७ च्या वजिराची वाट त्याच्याच प्याद्यानं अडवलीय. एफ७ वर पळावं तर तिथे ई५ च्या घोड्याचा मारा. राजाला वजीर मारावाच लागतो. आणि आता घोडा एफ६ वर: एक शह घोड्याचा, दुसरा मागून उठलेला उंटाचा. दुहेरी शहाला मारून किंवा आड येऊन उत्तर देता येत नाही. राजालाच हलावं लागतं. एच८ ला गेला तर ई५ चा घोडा जी६ वर येऊन तिथल्या तिथे मात करतो. म्हणून एच६.

वजीर मारल्यानंतर थॉमसला मिळालेली निवड एवढीच. इथून पुढे राजाला प्रत्येक वेळी एकच घर उरतं. ई५ चा घोडा जी४ वर, शह, राजा जी५. एच-प्यादं दोन घरं पुढे, शह, राजा एफ४. जी-प्यादं एक घर, शह, राजा एफ३. उंट मागे ई२ वर, शह, राजा जी२. हत्ती एच२ वर, शह, राजा जी१. मग पांढरा राजा ई१ वरून शांतपणे डी२ वर सरकतो, आणि ए१ च्या कोपऱ्यात डावभर झोपलेला हत्ती पहिल्या ओळीतून थेट मात देतो.

शेवटच्या स्थितीत काळ्याचं सैन्य मोजायला सांगतो मी. वजीर, दोन्ही हत्ती, एक उंट, एक घोडा, सगळे शाबूत. पांढऱ्याकडे वजीर नाही. मग हे पाच जण काय करत होते? पोरं गोंधळतात. उत्तर शहांच्या जातीत आहे. घोड्याच्या शहाला आड येता येत नाही, प्याद्याच्या शहालाही नाही. उंट आणि हत्ती यांचे शह लांबून आले असते तर कुणीतरी मधे उडी घेतली असती. पण ई२ चा उंट आणि एच२ चा हत्ती राजाला खेटूनच शह देतात. तो दुहेरी शह सोडला तर लांबून येणारा एकच शह म्हणजे शेवटचा, आणि तोवर राजा इतका खोल गेलाय की त्याच्या माणसांपैकी कुणीही एका खेळीत मधे आड येऊ शकत नाही. वजीर दिल्याचं कौतुक होतं, पण कौतुक करायचंच तर शहांच्या या निवडीचं करावं.

गुंजवण्याकडच्या एका पोरानं पट बघून म्हटलं, “सर, ह्या राजानं चोरदरवाजाच ठेवला नाय.” राजगडाच्या पद्मावती माचीला गुंजवण्याच्या अंगानं चोरदरवाजा आहे, त्याच्या घरापासून ती वाट दिसते. मुंबई-पुण्यात मला राजाला हवा ठेवा, पाठची ओळ सांभाळा असं घसा कोरडा करून सांगावं लागे. इथल्या पोरांना गडाचं गणित जन्मतः कळतं: जाड तट बांधला म्हणजे काम झालं असं नसतं, बाहेर पडायची वाट आपल्याच लोकांनी बुजवता कामा नये. थॉमसच्या राजाची एफ८ ची वाट त्याच्याच हत्तीनं बुजवली होती. किल्लेकोट केल्यावर राजा सुरक्षित झाला, हा समज बुद्धिबळाच्या पुस्तकांनीच पसरवलेला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

भोरला नीरेच्या काठी, भोरेश्वराच्या देवळापाशी बसणारे एक आबा आहेत. त्यांच्या तरुणपणी देशी पद्धतीचा खेळ चाले. त्यात किल्लेकोट नाही. प्यादं पहिल्यापासून एकेकच घर चालतं. राजाला मात्र सबंध डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायची मुभा, तीही शह बसेपर्यंतच. एकदा शह बसला की ती गेली. आणि प्याद्यानं केलेली मात सगळ्यात मानाची. मी त्यांना लास्करचा डाव मांडून दाखवला. राजा जी५ वर आला तिथे त्यांनी हात वर केला. “आमच्यात हा सुटला असता.”

मला आधी वाटलं त्यांच्या डोक्यात राजाची उडी आहे. ती तर पहिल्याच शहाला संपली. पण त्यांचं बोट एच-प्याद्यावर होतं. दोन घरं पुढे! देशी खेळात ते प्यादं एच३ वर थांबलं असतं आणि शह बसलाच नसता. सगळी शिकार उभी आहे ती प्याद्याच्या एका दोन घरी उडीवर, आणि ती उडी युरोपात खेळ जलद व्हावा म्हणून आली. आबांना डाव आवडला, पण दाद त्यांनी दिली ती वजिराला नाही, जी३ च्या प्याद्याला. एकच घर चाललं, आपल्या नियमानं चाललं आणि राजाला पुढे ढकललं, म्हणून.

मोबाइलवर इंजिन लावणारी पोरं लगेच सांगतात, लास्करनं एक खेळी वाया घालवली. खरं आहे. एच-प्याद्याऐवजी एफ-प्यादं दोन घरं पुढे टाकलं असतं तर सतराव्या खेळीपर्यंत मात होती. त्यात एक फाटा तर भलताच देखणा आहे: राजानं ते प्यादं मारलं, जी-प्याद्याच्या शहानं एफ३ वर आला, की पांढरा किल्लेकोट करतो आणि किल्लेकोटानंच मात होते. तरी मी लास्करच्या बाजूनं आहे. एफ-प्याद्याच्या वाटेत राजाला घरं निवडायला मिळतात; प्रत्येक फाटा वेगळा मोजावा लागतो. एच-प्याद्यानंतर सरळ एकच ओळ आहे. समोर घड्याळ नसलं तरी माणसानं मोजायचं ते चुकण्याची जागा कमी असलेलं. शेवटी राजा डी२ ला नेण्याऐवजी मोठा किल्लेकोट केला असता तरी मातच होती. ते त्यानं का टाळलं यावर जगभर लोक हळहळले आहेत. मला राजाचं साधं पाऊलच जास्त आवडतं.

प्रत्येक राजाची शिकार अशी नेमकी नसते. १९५३ मध्ये झुरिकला कोटोवनं अवेरबाखविरुद्ध तिसाव्या खेळीला एच३ वर वजीर दिला. पांढरा राजा ओढत एफ५ पर्यंत आणला, पण मात काही हाताशी नव्हती. आजूबाजूला शहांची आवर्तनं करत, मोहरी गोळा करत तो खेळत राहिला आणि अवेरबाखनं एकावन्नाव्या खेळीला डाव सोडला. तिथे मात्र मी धाडस हा शब्द वापरीन. पोरांना तो डाव मी दाखवत नाही. मोठी झाली की आपोआप सापडेल.

पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: हरलेल्याचं पुढे काय झालं? थॉमसचं उत्तर द्यायला मला आवडतं. लास्करला तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं. हरल्यावर थॉमसनं डावाचं मनापासून कौतुक केलं आणि ते कुणीतरी लास्करला समजावून सांगितलं. पुढे हा थॉमस १९२३ आणि १९३४ असा दोनदा ब्रिटनचा बुद्धिबळ विजेता झाला. १९३४-३५ च्या हेस्टिंग्जला त्यानं कापाब्लांका आणि बोटविनिक या दोघांनाही हरवलं. पण त्याचं नाव जगभर झालं ते बॅडमिंटनमुळे. थॉमस कप तो याचाच. २०२२ मध्ये बँकॉकला इंडोनेशियाला हरवून भारतानं तो जिंकला, त्या संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता. पोरांना चिराग माहीत असतो. ज्याच्या नावाचा तो कप, त्याच्या राजाला इतकं पळवलं, हे ऐकून काही जण थॉमसच्या बाजूनं होतात.

मग मी दहाव्या खेळीवर पट परत मांडतो आणि सांगतो, वाचवा याला. वजीर ई७ वर न्यायचा नाही. बहुतेकांचं उत्तर यथावकाश एकच येतं: एफ६ च्या उंटानं ई५ चा घोडा मारायचा. जाणकारही हाच बचाव सुचवतात. पांढरा प्याद्यानं उंट मारतो आणि उरलेला घोडा एफ६ वर उडी घ्यायला टपून बसतो. इथे पासलीकडच्या एका मुलीनं हत्ती एफ५ वर आणला, पांढऱ्या वजिरावर. मी घोडा एफ६ वर टाकून शह दिला. तिनं वजिरानं घोडा मारला. मी प्याद्यानं वजीर मारला. तिनं हत्तीनं माझा वजीर उचलला. हिशेब केला तर तिच्याकडे एक घोडा जास्त.

म्हणजे पांढऱ्याला शह न देता आधी वजीर हलवावा लागणार. जी४ वर नेला तर काळा हत्ती ई५ चं प्यादं मारतो आणि ई४ चा घोडा राजापुढे बांधला जातो, एफ६ ची उडी बंद. मोठा किल्लेकोट केला की बंधन सुटतं, पण तोवर काळ्याला एक खेळी मिळते. ती त्यानं बी८ च्या घोड्याला द्यावी की ई४ चा घोडा बी७ च्या उंटानं मारून टाकावा, यावर सध्या वर्गात दोन तट आहेत.