या फोल्डरमध्ये लिहिता येतं का, हे कसं ओळखावं?

आमच्या कोल्हापूरच्या प्राथमिक शाळेत लिनक्सवर चालणारे जुने संगणक आहेत. मुलांच्या गोष्टी आणि चित्रे एका सर्व्हरवर साठतात. मूल कुठल्याही संगणकावर बसलं तरी त्याचा फोल्डर समोर येतो. हे ऑटोमाउंटमुळे होतं. फोल्डर कायम जोडलेला नसतो. कुणी आत गेलं की जोडला जातो, काही वेळ वापर नसला की सुटतो.

आता तुम्ही मुलांसाठी छोटासा प्रोग्राम लिहिताय असं समजा. चित्र जतन करण्याआधी या फोल्डरमध्ये लिहिता येईल का, हे तपासायचं आहे. बहुतेक जण परवानगीचे आकडे बघतात, 755 की 700, आणि मोकळे होतात. पण लक्ष्मीपुरीत दुकान बंद असताना रस्त्यावर उभं राहून माल कसा आहे हे सांगता येईल का? दिसतं ते फक्त शटर! इथेही तसंच. फोल्डर जोडलेला नसेल तर दिसणारे आकडे नुसत्या रिकाम्या जागेचे असू शकतात. आणि लांबून चौकशी केली म्हणजे फोल्डर जोडला जाईलच असंही नाही.

बरं, जोडला गेला तरी शेवटचा शब्द सर्व्हरचा. एनएफएसवर साधारणपणे रूटलासुद्धा ‘नोबडी’ म्हणजे कुणीच नाही असं धरतात. म्हणजे या संगणकावरचा मालक तिकडे पाहुणा! शिवाय परवानगी असूनही मुलाला दिलेली जागा संपलेली असू शकते. आकड्यांत हे कुठंच दिसत नाही.

मग करायचं काय? त्या फोल्डरच्या आत वेगळ्याच नावाची एक तात्पुरती फाइल तयार करा, त्यात चार अक्षरं लिहा, बंद करा, पुसून टाका. आत फाइल करताना माउंट आपोआप होतं. बंद करताना काय उत्तर येतं तेही बघा हं, कारण एनएफएसवर जागा संपल्याची चूक कधी कधी तेव्हाच कळते. हे बघायचं बरेच जण विसरतात.

तरीसुद्धा तपासणी आणि जतन यांच्या मधल्या क्षणात नेटवर्क जाऊ शकतं. म्हणून माझ्या मते खरं चित्र जतन करतानाची चूक पकडणं जास्त महत्त्वाचं. तिसरीतल्या पोरानं तासभर काढलेला हत्ती ‘जतन झाला’ म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी तो नसायचा, हे चालणार नाही. जतन झालं नाही तर स्पष्ट मराठीत सांगा, आणि चित्राची खिडकी उघडीच ठेवा.