पंचाची सही

नशा विकणाऱ्यांविषयी माझ्या मनात कधीच दयामाया नव्हती. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या आमच्या मोहल्ल्यात गर्दचा धंदा शिरला आणि दोन गल्ल्यांतली पोरे बघता बघता हाडांचे सापळे झाली. माझा एक बालमित्र सार्वजनिक संडासात मरून पडलेला सापडला. त्याच्या जनाज्याला खांदा देताना वाटले, हा माल विकणाऱ्याला भर चौकात फासावर द्यावे. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला तेव्हा आम्हाला बरेच वाटले. नशा हराम आहे. मग ती मोडून काढायला सरकारने हवे तेवढे कडक व्हावे, आपली हरकत का असावी?

त्याच भावनेतून २००४ साली मी पंच झालो. इशाची नमाज पढून मशिदीबाहेर पडलो तर कोपऱ्यावर लोक जमलेले. साध्या वेशातल्या पोलिसांनी शेजारच्या खालाच्या मुलाला धरले होते. 'तुम्ही शिकलेले दिसता, पंच म्हणून चला,' असे एक अधिकारी म्हणाला. मी गेलो. चौकीत टेबलावर प्लास्टिकची पिशवी होती, वजन होऊन गेले होते, पंचनामाही लिहून तयार होता. मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा हक्क आरोपीला समजावून सांगितला, त्याने नको म्हटले, मग पंचांसमक्ष त्याच्या कमरेला खोचलेली तीनशे ग्रॅम गर्द मिळून आली, असा मजकूर होता. यातले काहीही माझ्यासमोर घडले नव्हते. मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, 'चाचा, मेरे पास कुछ नहीं था.'

मी सही केली.

त्या सहीचे वजन मला पुढे कळले. २००१ च्या दुरुस्तीनंतर अडीचशे ग्रॅम गर्द हे व्यापारी प्रमाण ठरते आणि त्याहून जास्त सापडली तर शिक्षा किमान दहा वर्षे. जामीन हवा तर आरोपी निर्दोष असावा असे मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशाची खात्री पटावी लागते. हे कलम ३७. आरोपपत्रासाठी तपास यंत्रणेला नव्वदऐवजी एकशेऐंशी दिवस. आणि कलम ३५ व ५४ नुसार माल ताब्यात मिळाला की गुन्हा गृहीत. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. ही सगळी इमारत एकाच पायावर उभी असते : माल कुणाजवळ, कसा मिळाला. तो पाया म्हणजे माझी सही होती.

मुलाला जामीन मिळाला नाही. खाला शिलाईच्या पैशांतून वकिलाची फी भरत राहिली. मी तिची गल्ली टाळून मशिदीत जाऊ लागलो.

एका जुम्म्याला मौलानांनी बयानात हजरत उमर यांची रिवायत सांगितली. रात्री गस्त घालताना त्यांना एका घरातून मद्यपानाची चाहूल लागली. ते भिंत चढून आत उतरले. तो माणूस म्हणाला, 'अमीरुल मोमिनीन, मी एक गुन्हा केला, आपण तीन केलेत. हेरगिरी करू नका असा अल्लाहचा हुकूम, आपण केलीत. घरात दारातून या असा हुकूम, आपण भिंत चढलात. इजाजत घेऊन, सलाम करून या असा हुकूम, आपण तसेच आलात.' खलिफा निरुत्तर होऊन परत गेले. मद्य हराम आहे हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते? तरीही नशेचा तिटकारा म्हणजे कुणाच्याही भिंतीवरून उडी मारण्याचा परवाना नव्हे, हे त्यांनी मानले. मी तर नुसती उडी नव्हे, खोटी गवाही दिली होती.

२००८ मध्ये साक्ष झाली. बचावाच्या वकिलांनी विचारले, 'झडती तुमच्यासमोर झाली?' मी 'नाही' म्हणालो. सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवले. मुलगा सुटला. त्याच्याजवळ खरेच काही होते की नव्हते, हे मला आजही माहीत नाही. मला खुपते ते हेच : माहीत नसताना, माहीत आहे अशी सही मी केली.

नंतर मी वाचत गेलो. मुंबईला हा प्रकार नवा नव्हता. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालच्या पेसिकाका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की तोंडाला वास आला एवढ्याने भागत नाही, बंदी असलेलीच दारू प्यायली हे सरकारने सिद्ध करावे. सरकारने १९५९ मध्ये कायदाच बदलला आणि रक्तात ठराविक प्रमाणापेक्षा जास्त अल्कोहोल सापडल्यास पुराव्याचे ओझे आरोपीवर टाकले. अमली पदार्थांच्या बाबतीत आमचा मुलगा सुटला त्याच वर्षी, २००८ मध्ये, नूर आगा खटल्यात न्यायालयाने ३५ आणि ५४ ही कलमे कायम ठेवली. पण माल आरोपीच्या ताब्यात होता हे आधी सरकारने काटेकोरपणे सिद्ध करावे, असे बजावले. २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात या कायद्याखालच्या तपास अधिकाऱ्यांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून बाद झाला. २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम नावाच्या कच्च्या कैद्याला जामीन मिळाला, तेव्हा तो सात वर्षांहून अधिक काळ आत होता. न्यायालये एकेक दार लावून घेतात. पण तोवर आत गेलेल्याची वर्षे कुणी परत देत नाही.

आणि ही दारे आपणच उघडून दिलेली असतात. पोरे मरत होती, भीती खरी होती, म्हणून कायदा काय काय घेऊन जातो आहे ते आम्ही विचारले नाही. आपल्यापैकी पुष्कळांना अजूनही वाटते की हा प्रश्न गर्दुल्ल्यांचा आहे. माझ्या बालमित्राला इलाज हवा होता. तो या कडकपणाने मिळाला नाही. गर्द तर मोहल्ल्यातून गेलीच नाही.

निकालानंतर मी खालाच्या घरी गेलो. मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. खालाने पाणी दिले. मी माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'सच बोला तू, बेटा. लेकिन चार साल बाद बोला.'