गांडुळाला काय म्हणायचं?

टाटा मोटर्सनं आपल्या नव्या छोट्या गाडीचं नाव 'झिपी कार'वरून 'झिका' ठेवलं होतं. तेवढ्यात झिका विषाणूच्या बातम्या येऊ लागल्या. १ फेब्रुवारी २०१६ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली, दुसऱ्याच दिवशी कंपनीनं नाव बदलणार असल्याचं सांगितलं आणि त्याच महिन्यात गाडीची 'टियागो' झाली.

मोठ्या कंपनीला असं दुसरं बारसं परवडतं. मुरगूडच्या माझ्या काकीला परवडत नाही. तिचा बचत गट गांडूळ खत विकतो. पिशव्या छापून झाल्या होत्या. ऑनलाइन विक्रीच्या एका अ‍ॅपवर तिनं खताचं नाव रोमन लिपीत भरलं, तर 'आक्षेपार्ह शब्द' म्हणून नोंद परत आली. कारण हवं असेल तर 'गांडूळ'मधलं शेवटचं अक्षर बोटानं झाका.

"मग गांडुळाला म्हणायचं तरी काय रं? पाव्हणा?" काकीनं मला फोनवर विचारलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे आत काय घडलं असेल याचा अंदाज आला. अशा फिल्टरकडे शिव्यांची यादी असते. त्यातली अक्षरं ओळीनं सापडली की नकार. शब्द कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे बघितलंच जात नाही. १९९६मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्पच्या लोकांना याच कारणानं एओएलवर खातं उघडता येईना. गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी आहे. आमच्या धंद्यात या दोषाला आजही 'स्कनथॉर्प प्रॉब्लेम' म्हणतात.

अख्खा शब्द जुळवून पाहिला तर गांडूळ सुटतं. पण मुरगूडहून निपाणीला गेलं की कर्नाटक लागतं, आणि कन्नडमध्ये 'गंडु' म्हणजे पुरुष, मर्द. हुबळी-धारवाडकडचे लोक आपल्या मुलखाला अभिमानानं 'गंडु मेट्टिद नाडु' म्हणतात, शूरांची भूमी. देवनागरीत हा शब्द आणि आपली शिवी वेगवेगळी दिसतात. रोमनमध्ये दोन्हींचं स्पेलिंग एकच होतं. मग वाक्य कुठल्या भाषेतलं, हे कळल्याशिवाय निकाल देता येत नाही. सीमाभागातल्या बाजारात भाजीवालीसुद्धा हे नुसत्या कानानं ओळखते.

झिकाचं नाव बदललं ते शहाणपणाचंच होतं. आजाराच्या नावाची गाडी कोण घेईल? गांडुळानं मात्र कुणाचं काही बिघडवलेलं नाही. तो शब्द रानातलाच आहे, आणि तो ज्यांचा आहे त्यांच्यापैकी कुणाला त्यात शिवी ऐकू येत नाही. स्कनथॉर्पनं आपलं नाव बदललं नाही. तेवढी ताकद इंग्रजीकडे आहे.

काकीच्या गटानं अ‍ॅपवर 'व्हर्मी कंपोस्ट' लिहिलं. ते लगेच स्वीकारलं गेलं. आता गिऱ्हाईक फोन करून विचारतं, "हे म्हंजे गांडूळ खतच न्हवं?"