शहीद चौक ते शहीद द्वीप

"मास्तर, पुन्हा तिथंच चालले का? काळ्या पाण्यावर कोणी आराम कराले जाते का?"

इतवारीतल्या आमच्या किराणा दुकानदाराचा हा प्रश्न आता पाठ झाला आहे. आम्ही भिवापुरी मिरचीचं तिखट, तूरडाळ आणि संत्रा बर्फीचे डबे बांधून घेऊ लागलो की त्याला कळतं, स्वारी अंदमानला निघाली. आतापर्यंत चार खेपा झाल्या. लोक एकदा अंदमान पाहतात, सेल्युलर जेलसमोर फोटो काढतात आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जातात. आम्ही दोघं मात्र तिथंच जातो. का जातो, हे दुकानात उभ्या उभ्या सांगता येत नाही. "मासळी फार चांगली मिळते भाऊ," म्हणून आम्ही सुटका करून घेतो. ते खोटंही नाही.

आमचा जन्म इतवारीतला. हातठेल्यांची खडखड, हमालांच्या हाका, मिरची-मसाल्याचा ठसका, सराफ्यातली झगमग, शहीद चौकातली गर्दी यातच आमची हयात गेली. आमच्यातल्या मास्तरांनी तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं, आमच्यातल्या बाईंनी घर आणि शिलाई मशीन दोन्ही चालवलं. तरी एक प्रश्न आमच्या पाठीमागे सावलीसारखा फिरत आला. एका शाळेत रुजू होताना पहिल्याच दिवशी एका सहकाऱ्यानं कौतुकानं विचारलं होतं, "मराठी छान बोलता हो! तुम्ही मूळचे कुठले?" आम्ही म्हणालो, "इतवारीचे." ते हसले. "ते झालं, पण मूळचे?"

विचारणाऱ्याच्या मनात दरवेळी खोट असते असं नाही. पण 2019 सालचा हिवाळा आला आणि हा प्रश्न कौतुकाचा राहिला नाही. नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा घराघरात सुरू झाली. आम्हीही अब्बांची लोखंडी पेटी उघडली. शाळा सोडल्याचा दाखला, घरटॅक्सच्या पावत्या, आजोबांच्या नावाचा वाळवीनं कुरतडलेला एक कागद. आजोबांच्या नावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. रात्री दोनपर्यंत आम्ही त्या कागदांसमोर बसून होतो. बाई म्हणाल्या, "चला, बेटावर जाऊन येऊ." पण मग कोरोना आला आणि ते राहूनच गेलं.

पहिल्यांदा गेलो होतो 2006 च्या डिसेंबरात. मुलीच्या लग्नाचं ओझं उतरलं होतं. नागपूरहून रेल्वेनं चेन्नई, तिथून जहाज. तीन दिवस नुसतं पाणी. बाईंना समुद्र लागला, मास्तरांनी लिंबू हुंगवून हुंगवून त्यांना सांभाळलं. पोर्ट ब्लेअरला (2024 पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालं) उतरलो तेव्हा पाय जमिनीवरही डुलत होते. खोलीवर जाऊन जरा पडतो न पडतो तोच मगरीबची अजान झाली. घड्याळात पाचच वाजले होते! बेटं इतक्या पूर्वेला, पण घड्याळ मात्र आपलंच. उजाडतंही तसंच लवकर. तिथं दिवसही आपल्याआधी कामावर येतो आणि आपल्याआधी घरी जातो.

खोली ज्यांच्या घरात मिळाली, त्यांना आम्ही खाला म्हणू लागलो. त्या 'लोकल बॉर्न', म्हणजे काळ्या पाण्याची सजा झालेल्यांच्या वंशातल्या. मार्च 1858 मध्ये दोनशे कैद्यांना घेऊन पहिलं जहाज तिथं आलं. पुढे चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांना जमिनी मिळाल्या, कैदी बायकांशी लग्नाची परवानगी मिळाली. खालांचे पणजोबा अवधकडचे, पणजी मद्रास इलाख्यातली. एकाची भाषा दुसरीला येत नव्हती. "जात आणि धरम विचारायला दोघांना एक जबान तर पाहिजे ना!" असं म्हणून खाला खळखळून हसतात. अशा घरांतून तिथली हिंदुस्तानी तयार झाली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे तीच बोलतात.

1921 च्या बंडानंतर मलबारचे मोपला तिथं पाठवले गेले, मागाहून त्यांची बायकापोरं आली. त्यांनी वस्त्यांना गावाकडची नावं दिली, मंजेरी, मलप्पुरम, कालिकत. फाळणीनंतर पूर्व बंगालचे निर्वासित आले, रांचीकडून मजूर आले. सगळेच बाहेरचे. त्यामुळे खालांच्या दस्तरखानावर कोणता पदार्थ कुणाचा, हे सांगणं कठीण. शेजारच्या मोपला घरातून तांदळाच्या पातळ पत्तिरी येतात. मासळी बंगाली कोळ्याची. सुरमईचा रस्सा नारळाच्या दुधातला, खेकडे मिरं घालून. आम्ही विदर्भातली माणसं, तलावातल्या रोहू-कतल्यावर वाढलेली. समुद्राची ताजी मासळी जिभेवर ठेवली तेव्हा कळलं की बर्फातली मासळी म्हणजे मासळीची नुसती आठवण असते.

दुसऱ्या खेपेला बाईंनी भिवापुरी तिखट घालून झणझणीत नागपुरी रस्सा केला. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. खाला नाक पुसत म्हणाल्या, "ये सजा हमारे पुरखों को क्यों नहीं दी अंग्रेज़ों ने? एक दिन में माफ़ी माँग लेते!"

आरामासाठी आम्ही नील बेटावर जातो. बोटीनं दोनेक तास. तिथल्या गावांची नावं रामायणातली, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. बंगाली शेतकरी भाजी पिकवतात, नारळ-सुपारीच्या बागा आहेत. सकाळी शहाळं, दुपारी मासे-भात, मग झाडाखाली झोप. नील हे नाव मात्र 1857 चं बंड चिरडणाऱ्या इंग्रज सेनाधिकाऱ्याचं. ज्यांनी बंड केलं त्यांना जिथं पाठवलं, त्याच बेटाला त्यांना चिरडणाऱ्याचं नाव! 2018 मध्ये ते बदलून शहीद द्वीप झालं. त्याच दिवशी रॉस बेटाला नेताजी सुभाषचंद्र बोसांचं नाव मिळालं. पुढे आमच्या इतवारी स्टेशनालाही नेताजींचंच नाव लागलं. आम्ही निघतो शहीद चौकातून आणि पोचतो शहीद द्वीपावर!

दरवेळी आम्ही मौलाना फज्ले-हक खैराबादींच्या मजारवरही जातो. गालिबचा हा विद्वान मित्र 1857 च्या उठावापायी इथं आला आणि 1861 मध्ये इथंच गेला. त्यांना परत जायचं होतं, जाता आलं नाही. आम्ही पुन्हा पुन्हा येतो, स्वतःच्या पायांनी, तिकीट काढून. फातेहा पढताना हा फरक मनाला टोचतो.

एवढ्या खेपांत तिथं एकानंही आम्हाला "मूळचे कुठले?" असं विचारलं नाही. सगळे विचारतात, "कितने दिन रहेंगे?" या प्रश्नानं आम्हाला जो सुकून मिळतो, तो समुद्राच्या वाऱ्यानंही मिळत नाही.

पण हे लिहिताना एक गोष्ट लपवली तर बेइमानी होईल. त्या बेटांवर 'मूळचे' म्हणावेत असे लोक आहेत. 1858 मध्ये ग्रेट अंदमानी काही हजार होते. बंदुकीनं आणि आपण नेलेल्या गोवर-उपदंशानं ते मेले, आज पन्नासेक उरले आहेत. पहिल्या खेपेला आम्हीही गाड्यांच्या काफिल्यात जारवांच्या जंगलातून गेलो होतो. रस्त्याच्या कडेला एक बाई मूल घेऊन उभी होती. गाडीतले सगळे काचेला नाक लावून पाहू लागले, आम्हीसुद्धा. 2012 मध्ये जारवांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली, तेव्हा आम्हाला तीच काच आठवली. त्या रस्त्यानं आम्ही पुन्हा गेलो नाही. ज्या बेटावर आम्हाला कुणी मूळ विचारत नाही, तिथं मूळच्यांना मात्र कुणी काही विचारलंच नव्हतं.

मागच्या खेपेहून परतलो तेव्हा बाईंचे गुडघे बोलू लागले होते. पुन्हा जाणं होईल की नाही, अल्लाह जाणे. खालांनी निघताना सुकी मासळी बांधून दिली आणि म्हणाल्या, "अगली बार ज़्यादा दिन रहना."

दुसऱ्या दिवशी धान्याची गोणी घेऊन एक नवा हमाल पोरगा घरी आला. बोलण्याचा हेल वेगळा वाटला. पाणी देता देता आमच्या तोंडून निघून गेलं, "कुठला रे तू, मूळचा?"

पोरगा कावराबावरा झाला. खिशात हात घालून त्यानं घाईघाईनं आधार कार्ड काढलं आणि आमच्यापुढे धरलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी कार्ड न वाचताच परत केलं, त्याला बसवलं आणि चुलीवर तवा ठेवला. त्या दिवशी खालांची सुकी मासळी तिघांत संपली.